दोन कोटी डॉलरचे खरेदीखत



घरकर्जाची फाईल टेबलावर आली की आम्ही बँकवाले आधी विचारतो, घर विकणाऱ्याच्या ताब्यात आहे का? १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने फिलिपाईन्स अमेरिकेला देऊन टाकले, अमेरिकेने २ कोटी डॉलर कबूल केले. पण हा साधा प्रश्न कुणी विचारला नाही. वास्तविक आगिनाल्दो यांनी १२ जूनलाच स्वातंत्र्य जाहीर केले होते. मनिलाबाहेरचा बराच मुलूख त्यांच्या सैन्याकडे होता. त्यांचे वकील आगोन्सिल्यो पॅरिसला पोहोचले, त्यांना बैठकीत घेतलेच नाही!

क्युबा गिळणार नाही, असे अमेरिकी काँग्रेसने निदान लिहून तरी दिले होते. (त्यांनाही १९०१ मध्ये प्लॅट दुरुस्तीने जखडलेच.) फिलिपाईन्ससाठी तसा कागदच नव्हता.

४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ गोळी सुटली. दोनच दिवसांनी सिनेटने तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशासाठी ५६ मते हवी होती, म्हणजे एकच मत जास्त. पुढे १९०२ पर्यंतच्या युद्धात चार हजारांवर अमेरिकन आणि सुमारे वीस हजार फिलिपिनो सैनिक गेले. उपासमारीने आणि रोगराईने मेलेली रयत वेगळीच, ती लाखांत. पैसे स्पेनला मिळाले. फिलिपिनोंना स्वातंत्र्य मिळाले ते ४ जुलै १९४६ ला.