गर्दी चुकवून गडावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘प्रवास कसा करावा’ हा विषय नेमून दिला आहे. विषय मोठा आहे. त्यातली एकच गोष्ट मी घेते. ती म्हणजे गर्दी, आणि ती कशी चुकवावी. उदाहरणही घरचेच घेते, सप्तशृंगगडाचे.

गड आपल्याच तालुक्यात. नांदुरीहून दहाएक किलोमीटर घाट चढला की गाव लागते आणि तिथून देवीपर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या. या पायऱ्या बांधविणाऱ्या उमाबाई दाभाडे म्हणजे आपल्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. पुष्कळ जणींना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगते. २०१८ सालापासून तिथे फनिक्युलर ट्रॉली झाली आहे. गुडघे धरलेल्या सासूबाईही काही मिनिटांत वर पोहोचतात. मात्र यात्रेच्या दिवशी पायऱ्यांवरची रांग ट्रॉलीच्या दारात येऊन उभी राहते, एवढाच फरक.

गर्दीचे दिवस काही गुप्त नाहीत. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत, आश्विनात नवरात्रभर, मग कोजागिरीला कावडी घेऊन येणाऱ्यांची दाटी. याखेरीज मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि शाळांच्या सुट्ट्या. यात्रेत खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवितात आणि पुढे एसटीने जावे लागते. म्हणजे नांदुरीला एक रांग, गडावर दुसरी, परतताना तिसरी. बाईमाणूस त्या दिवशी पाणीसुद्धा जपून पिते. का, ते आपणां सर्वांना माहीत आहे. सभेत कोणी बोलत नाही इतकेच.

त्रास झाला तरी तो देवीसाठीच ना, असे कोणी म्हणेल. नुसत्या त्रासापुरती गोष्ट असती तर मी इथे उभी राहिले नसते. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसे गेली. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे माणसे दगावली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि मागून रेटा. पुढचे माणूस पडले हे मागच्याला दिसत नाही. साडीत पाय अडकलेल्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला त्या रेट्यात उठायला जागा मिळत नाही. म्हणून कुलाचार किंवा नवस तिथीला बांधलेला असेल, तर घरातल्या एकादोघांनी त्या दिवशी जावे. म्हातारी माणसे आणि लेकरे यांना पुढे सवडीने न्यावे. देवी काय, वर्षभर तिथेच आहे.

शिवाय चैत्रातली यात्रा मुख्यतः खानदेशची. धुळ्या-जळगावकडची माणसे उन्हातान्हात दिवसचे दिवस चालत येतात. शेतीची कामे आटोपल्यावर त्यांना तेवढाच वेळ मिळतो. आपण तासाभराच्या वाटेवर राहतो. त्याच दिवशी आपणही रांगेत शिरलो, तर त्यांच्या रांगेत आणखी चार माणसांची भर घालतो. त्यापेक्षा त्या दिवसांत रस्त्याकडेला पाण्याचे माठ भरून ठेवणे हेच आपले दर्शन, असे मला वाटते.

परदेशातही हीच तऱ्हा. आपल्यातल्या काही जणींची मुले तिकडे आहेत, काहींचा युरोपचा बेत चालला आहे, म्हणून दोन शब्द. जुलै-ऑगस्टात तिकडच्या शाळांना सुट्टी, त्यामुळे सारे घराबाहेर. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाल, तर स्वित्झर्लंडच्या बर्फावर नाशिकचीच माणसे भेटतील! सप्टेंबरचा उत्तरार्ध त्यापेक्षा बरा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, तेव्हा घाई नको. इटलीतल्या व्हेनिस शहराने २०२४ साली ठराविक गर्दीच्या दिवशी, नुसते दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. मुक्कामाला राहणाऱ्यांना तो आकार नाही. मुक्काम करणाऱ्याला सकाळ-संध्याकाळचे मोकळे गाव पाहायला मिळते, हा लाभ वेगळाच.

तेच गडावर करता येते. देवस्थानच्या भक्तनिवासात रात्री उतरावे आणि पहाटे काकड आरतीला जावे. शिर्डी-त्र्यंबक करीत येणाऱ्या गाड्या घाट चढू लागेपर्यंत आपले दर्शन, प्रसाद, चहा सारे आटोपलेले असते. पावसाळ्यात मात्र ही हौस नको. घाटात धुके उतरते आणि दरडींचेही भय असते. पुढे ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची स्नाने आहेत. तिकडे आलेली पुष्कळ मंडळी गडही करून जातील, तेव्हा ते दोन महिने गडाचा बेत आखूच नये.

आता मंडळाच्या सहलीचे. मार्गशीर्षातला बुधवार धरावा, अशी माझी सूचना आहे. मंगळवार-शुक्रवारी गडावर दाटी, आणि गुरुवारी आपल्या घरी महालक्ष्मीचा घट. मंगळवारी संध्याकाळी कळवणहून निघू, रात्री वर राहू, बुधवारी दुपारच्या जेवणाला घरी येऊ. नावे दिवाळीपूर्वी चिटणीसबाईंकडे द्यावीत. ट्रॉलीने कोण जाणार आणि उमाबाईंच्या पायऱ्यांनी कोण, तेही नावापुढे लिहावे.