चार घास, दोन तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोल्हापूरकडे खाणाऱ्या माणसाला मान असतो. तरुणपणी मी पंगतीत बसलो, की वाढपी माझ्यासमोर हमखास थांबायचा. पैजेवर चाळीस जिलब्या खाल्ल्याची माझी गोष्ट नातेवाईक अजून रंगवून सांगतात. पुढं हाच मान अंगावर चढला. पन्नाशी ओलांडली तेव्हा माझं वजन १२६ किलो होतं, जोडीला मधुमेह होता, आणि जिन्याच्या दहा पायऱ्या चढलो की कठड्याला धरून उभं राहावं लागत होतं. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली.

या शस्त्रक्रियेचे प्रकार आहेत. माझ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः या काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही ओसरते. मग नियम पाळायचे. लहान घास घ्यायचा, खूप चावायचा. आधी प्रथिनं, मग भाजी, पोळी-भात शेवटी. जेवताना पाणी प्यायचं नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. वर्षभरात माझं वजन ८४ किलोवर आलं, साखर ताब्यात आली. पण श्रोतेहो, एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ‘खाणारा माणूस’ ही माझी ओळखही त्या तुकड्याबरोबर गेली होती. लग्नकार्यात मी ‘जरा ॲसिडिटी आहे’ असं खोटं सांगून पानावरून उठायला लागलो. बायको आणि मुलगी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमची मुलगी फ्रान्समध्ये लिऑन शहरात शिकत होती. मे २०२३ मध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. ज्या देशाच्या भोजनपद्धतीची नोंद युनेस्कोनं २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली, त्या देशात मी चार घासांचं पोट घेऊन निघालो होतो.

पहिल्याच संध्याकाळी पॅरिसमध्ये फजिती झाली. तिथं बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात, ती सातनंतर उघडतात. आम्हाला हे माहीत नव्हतं. प्रवासानं दमलेले, उपाशी, आम्ही सातला टेबलाशी बसलो. बसल्याबरोबर पावाची टोपली आली आणि पाण्याचा काराफ, म्हणजे सुरई आली. दोन्हींचे वेगळे पैसे नसतात. मी बोलता बोलता पावाचे तीन तुकडे भराभर खाल्ले आणि वर गटागटा पाणी प्यायलो. पाचच मिनिटांत छातीत कुणी दगड ठेवल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं. मी उठून बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. आत माझ्यासाठी मागवलेला मासा गार होत होता. बायको काचेतून माझ्याकडे बघत होती. त्या वेळी वाटलं, उगाच आलो. खायचंच नाही, तर या देशात करायचं काय?

परत आलो तेव्हा वेटरनं भरलेल्या ताटलीकडे बघून काळजीनं काही विचारलं. मुलीनं सांगितलं, ‘आवडलं नाही का, असं विचारतोय, बाबा.’ आपल्याकडे पानात टाकलं की आई रागावते. तिथं टाकलं, तर स्वयंपाक बिघडला की काय, असं त्यांना वाटतं. त्या रात्री मुलीनं मला एका चिठ्ठीवर देवनागरीत तीन वाक्यं लिहून दिली. ‘झे एते ओपेरे द लेस्तोमा. झ मांझ त्रे पू. सेते त्रे बों.’ म्हणजे, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय. मी फार थोडं खातो. जेवण फार छान होतं.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी खिशातून काढून मी वाचली. माझे उच्चार ऐकून वेटर हसला. पण मग मान डोलावली आणि मुख्य पदार्थाऐवजी एक सूप आणि एक ‘आंत्रे’ आणून दिलं. आंत्रे म्हणजे सुरुवातीचा छोटा पदार्थ. आंत्रे, मुख्य पदार्थ आणि गोड असा ‘मेन्यू’ ठरलेल्या किमतीत मिळत असला, तरी सगळा घेण्याची सक्ती नसते. पाणी मी जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास टाळायचो. गोडाची वेळ आली, की आम्ही तिघांत मिळून एक ‘काफे गुर्मां’ मागवायचो. कॉफीबरोबर तीन-चार बोटभर गोड पदार्थ येतात. त्यातला एक मी अर्धा खायचो.

लिऑनमध्ये ‘बुशों’ नावाच्या जुन्या घरगुती खानावळी आहेत. तिथलं जेवण भारी. मी क्नेल मागवलं. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा हा लुसलुशीत मुटका. मला जेमतेम पाव खाता आला. पण तो संपवायला चाळीस मिनिटं लागली, आणि कुणी घाई केली नाही. आजूबाजूची माणसंही काटा खाली ठेवून गप्पा मारत होती. चावा, थांबा, बोला, असं माझे डॉक्टर वर्षभर सांगत होते, ते तिथं सगळेच करत होते. दोन तासांत मुलीनं मला तिच्या एकटेपणाबद्दल सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा. पूर्वीच्या मला ते ऐकू आलं नसतं. माझं लक्ष ताटात असायचं.

उरलेलं बांधून मागायला मला लाज वाटत होती. मुलीनं सांगितलं, की १ जुलै २०२१ पासून गिऱ्हाईकानं मागितलं तर उरलेलं डब्यात भरून देणं तिथल्या हॉटेलांना कायद्यानं बंधनकारक आहे. मग डबा आला. दुसऱ्या दिवशीची न्याहारी झाली. हे डबे नसते तेव्हा माझं उरलेलं बायको संपवायची. परत आलो तेव्हा तिचं वजन तीन किलोनं वाढलं होतं. तो आरोप ती अजून माझ्यावर ठेवते.

पुढच्या महिन्यात गावी थोरल्या बहिणीकडे जेवण होतं. आक्कानं तांबड्या रश्श्याची वाटी भरली, मटणाचा ढीग वाढला, आणि म्हणाली, ‘खा की रं, किती वाळलायस!’ तोंडावर ‘ॲसिडिटी’ आलंच होतं. पण सात समुद्रापार अनोळखी वेटरला जे सांगितलं, ते सख्ख्या बहिणीला सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली. मी म्हणालो, ‘आक्का, माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय. मी फार थोडं खातो. जेवण फार छान आहे.’

आक्का थोडा वेळ गप्प बसली. डोळ्याला पदर लावला. मग माझ्या ताटातलं मटण काढून तिनं दोनच फोडी ठेवल्या, शेजारी पाट ओढला आणि म्हणाली, ‘मग सावकाश खा. मी बसते तुझ्याजवळ.’