धार आणि तितिक्षा



एका शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मी बोथट सुरीला धार लावण्याचा विषय निवडला, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी ज्या नलकच्छपुरात, म्हणजे आपल्या या नालछ्यात, संस्कृत ग्रंथ रचले, तेथे एका संस्कृत धातूपासून आरंभ करणे अनुचित ठरू नये. तो धातू 'तिज्'. अर्थ धार लावणे. 'तेज' आणि 'तीक्ष्ण' हे शब्द त्याच्याच कुळातले. पाणिनीय व्याकरणानुसार याच धातूपासून 'तितिक्षा' शब्द सिद्ध होतो आणि त्याचा अर्थ मात्र होतो क्षमा, सहनशीलता. हे नाते निसण्यापाशी बसल्यावर उलगडते.

धार म्हणजे पात्याचे दोन उतार जेथे मिळतात ती रेषा. वापराने ती गोलावते किंवा एका अंगाला वळते. ती परत मिळवायची तर पोलाद बाहेरून आणता येत नाही. असलेलेच थोडे झिजवावे लागते. प्रथम खरबरीत दगड पाण्याने भिजवून घ्यावा. पाते दगडाशी साधारण २० अंशांचा कोन करून धरावे आणि मुठीकडून टोकाकडे एकसारखे फिरवावे. कोन हलला की श्रम वाया गेले. दुसऱ्या अंगाला धातूची बारीक कड उठली, की पाते उलटावे. पुढे बारीक दगडावर दाब कमी करीत जावे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढून ती कड काढावी. कड राहिली तर सुरी दोन दिवस झकास चालते आणि पुन्हा बोथटते. विळीचे पाते पाटाला जखडलेले असते; तेथे दगडच पात्यावरून फिरवावा.

घाई झालेला मनुष्य कोरडे चाक गरगर फिरवतो. ठिणग्या पाहून बघ्यांना कौतुक वाटते. पण पातळ धार तापून सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळी पडते आणि पात्याचे पाणी उतरते. तेवढा भाग झिजवून टाकल्यावाचून तेथे धार टिकत नाही.

वर्गात ज्यांना आपण मंद म्हणतो, त्या मुलांपाशी किती वेळा असेच चाक फिरवले जाते! बोथट सुरीला जोर अधिक लावावा लागतो, ती घसरते, आणि हात कापला की आपण सुरीला दोष देतो. एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते. पात्याबरोबर निसणाही झिजतो. त्याच्या मध्यभागी खळगा पडतो, आणि खळगा पडलेल्या दगडावर कोन राहत नाही. त्याला पुन्हा घासून सपाट करावे लागते. शिक्षकाचे वाचन, चिंतन हे ते सपाट करणे होय. तेज विद्यार्थ्याचे, तितिक्षा शिक्षकाची, धातू एकच.

त्या दिवंगत गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.