एका कॉफीवर किती वेळ बसावे?



एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात एक कप चहा पुढ्यात घेऊन सबंध वर्तमानपत्र वाचून काढणारे गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. हॉटेलवाला त्यांना काही बोलत नाही. मात्र पेपरची सगळी पाने त्यांनी एकट्यानेच धरून ठेवली, की शेजारचा म्हणतोच, "मधलं पान द्या की इकडं!" बसण्याला हरकत नाही, अडवून ठेवण्याला आहे.

आता आपली मुलेमुली शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईस जातात. एका खोलीत तीन-चार खाटा; तिथे लॅपटॉप उघडून काम करणार कुठे? मग ती कॉफीच्या दुकानात जाऊन बसतात. ह्यात जगावेगळे काही नाही. १६८८ च्या सुमारास लंडनमध्ये एडवर्ड लॉइड ह्यांचे कॉफीगृह होते. जहाजांचे कप्तान, मालक नि व्यापारी तिथे जमत, जहाजांच्या विम्याचे व्यवहार करीत. त्यातूनच पुढे लॉइड्स हा विम्याचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला. आणि गंमत अशी, की तिथल्या सेवकांना आजही 'वेटर'च म्हणतात!

आपल्याकडच्या इराणी हॉटेलांचा कारभार रोखठोक. फार वेळ बसू नका, केस विंचरू नका, अशा पाट्याच भिंतीवर असत. नव्या कॉफीच्या दुकानांत बहुधा पाटी नसते. तोंडाने कोणी ऊठ म्हणत नाही, फक्त नजरेने म्हणतात. गावाकडून आलेला पोरगा एक तर बिचकून दहा मिनिटांत उठतो, नाही तर चार तास ठाण मांडतो. दोन्हीही वाईटच.

म्हणून हिशेब समजून घ्यावा. कपाची किंमत एवढी का? तीत जागेचे भाडे, वीज, इंटरनेट आणि टेबल पुसणाऱ्या मुलाचा पगारही असतो. सकाळी निम्मे दुकान रिकामे असते, तेव्हा खुशाल बसावे. संध्याकाळी दाराशी माणसे उभी असताना चौघांचे टेबल एकट्याने धरणे हा मात्र अन्याय आहे. अशा वेळी कोपऱ्यातल्या लहान टेबलाकडे सरकावे. तासा-दीड तासाने आणखी काही मागवावे. महागाचेच हवे असे नाही. मुख्य म्हणजे आधी विचारावे, "दादा, दोन तास बसायचं आहे, चालेल ना?" विचारण्यात कमीपणा कसला? पुष्कळदा तोच भिंतीजवळची, प्लगपाशची जागा दाखवतो.

आणि आवाज! लॅपटॉपवर सभा चालू झाली, की माणसाला आपण घरीच आहोत असे वाटू लागते. कानाला हेडफोन असल्यामुळे आपला आवाज किती चढला हे त्याचे त्यालाच कळत नाही. शेजारी कोणी मुलगी पाहायला आलेले असतात, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असतो; त्यांनी तुमच्या साहेबाची बोलणी का ऐकावीत? अशा वेळी फोन घेऊन बाहेर जावे. पण टेबलावर लॅपटॉप ठेवून जागा राखू नये, बरं का! एक तर जागा अडते, दुसरे म्हणजे लॅपटॉप जातो.

शिक्षकबंधूंनी ह्या चार गोष्टी बारावीच्या मुलांना निकालानंतर, ती गाव सोडण्यापूर्वीच सांगाव्यात. जाताना चार्जरही आठवणीने काढून घे म्हणावे. आणि वायर वाटेत आडवी सोडू नकोस, कारण त्याच वाटेने तो मुलगा हातात गरम कपांचा ट्रे घेऊन दिवसभर ये-जा करीत असतो.