अलिफमधला बैल

(घाटकोपर येथील युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बैलावर बोलायचं आहे. हसू नका. लहानपणी कायदा उघडून तुम्ही ज्या अक्षरावर पहिलं बोट ठेवलंत, त्या अक्षराच्या नावातच बैल आहे.

आपलं अलिफ, हिब्रूतलं आलेफ. जुन्या हिब्रूत 'एलेफ' म्हणजे बैल, गुरं. 1905 मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना सिनाईत, सेराबित अल-खादिमच्या फिरोजाच्या खाणींपाशी फार जुने कोरीव लेख सापडले. त्यांत शिंगांसकट बैलाचं डोकं आहे. बैलाच्या नावातला पहिला आवाज दाखवायला ते चित्र वापरलं जाई. पुढे ते फिरलं, झिजलं. ग्रीकांनी त्याचा अल्फा केला. इंग्रजीतला मोठा ए उलटा धरून बघा, शिंगं अजून दिसतात. अरबीत मात्र शिंगं गळाली आणि एक उभी रेघ उरली.

अरबीत अलिफ-लाम-फे या धातूचा अर्थ सवय होणं, माणसाळणं, जीव लागणं. आपली 'उल्फत' तिथलीच. सूरह कुरैश तुम्हाला पाठ आहे, त्यातलं 'ईलाफ' याच धातूचं. हिब्रूतही 'अल्लुफ' म्हणजे माणसाळलेला, सोबती. म्हणजे रानातला पशू नव्हे, तर दावणीचा, घरातला झालेला बैल. ज्याच्या घरी बैल आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता अक्षरांच्या प्रतीकांकडे येतो. रिक्षाच्या काचेवर 786 आपण रोज बघतो. ती अब्जदची बेरीज. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार. ज्यू लोकांची गणनाही हीच, याच क्रमाने. आलेफचा आकार ते असा वाचतात: मध्ये तिरका वाव, वर-खाली एकेक योद. सहा, दहा, दहा मिळून 26, आणि देवाच्या चार अक्षरी नावाची बेरीजही 26. आपल्या सूफींना अलिफच्या एका सरळ रेघेत एकच अल्लाह दिसला. ज्यूंची एक जुनी कथाही आहे. तौरातची सुरुवात 'बेत'ने होते. आलेफ पहिलं असूनही गप्प राहिलं, हक्क सांगितला नाही, म्हणून दहा आज्ञांची सुरुवात त्याच्याकडे आली. मला आकड्यांच्या बेरजांपेक्षा ही कथा आवडते. 786 नंबरच्या नोटा जादा भावाने विकणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

सूरह बकरह म्हणजे गाईची सूरह. हिब्रूत 'बाकार' म्हणजे गुरंच. ती सुरू होते अलिफ-लाम-मीमने. अक्षरांच्या जुन्या अर्थाने बघितलं तर बैल, पराणी, पाणी. यातून तफसीर काढू नका. त्या अक्षरांचा अर्थ अल्लाहच जाणे, असं आपले उलमा म्हणत आले आहेत. मी फक्त अक्षरांचं कूळ सांगतो आहे.

हा विषय का घेतला, तेही सांगतो. पॅलेस्टाईनमधल्या बातम्यांनी तुम्ही चिडलेले आहात, मीही आहे. पण कुठे हिब्रू अक्षरं दिसली की 'ही दुश्मनांची लिपी' असं म्हणणारे तरुण मला भेटतात. सरकारवरचा राग अक्षरांवर काढून काय मिळणार? आणि ही अक्षरं वाचणारे आपल्या शेजारी मराठीच बोलतात. अलिबागजवळचं नवगाव हे बेने इस्रायलांचं मूळ ठिकाण मानतात. कोकणात त्यांना 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. शब्बाथच्या आज्ञेत बैलाचा वेगळा उल्लेख आहे, त्यालाही विश्रांती द्यायची. आपल्याकडे बैलाचा सण पोळ्याला, वर्षातून एकदा. घाण्याच्या या बैलाला सुट्टी दर आठवड्याला!

मुंबईत 1832 मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. 1846 मध्ये वल्हांडणाचं पुस्तक, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत निघालं. बेने इस्रायल सिनेगॉगला मराठीत 'मशीद' म्हणत. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं सिनेगॉग आजही 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं. त्याचं हिब्रू नाव शाअर हारहमीम, म्हणजे रहमतीचा दरवाजा. 'रहमीम' आणि 'रहीम' यांतलं नातं तुम्हाला कानानेच कळलं असेल. आणि इथून लोकल पकडून ठाण्याला गेलात, तर 1879 चं शाअर हाशामाईम आहे. 'शामाईम' म्हणजे आकाश, आपलं 'समा'.

आता प्रश्न विचारा. त्यानंतर ज्यांना हिब्रूची बावीस अक्षरं शिकायची आहेत त्यांनी मागे थांबावं. फळा आहे, खडू आहे. अब्जद, हव्वज, हुत्ती, कलमन पाठ असेल तर क्रम नव्याने शिकावा लागणार नाही, फक्त आकार गिरवायचे. सुरुवात बैलापासून करू.