सर, उत्तर आणलंय



आठवीत मी विचारलं होतं, विमानाच्या प्रोपेलरचं पातं पिळल्यासारखं का असतं? वर्ग हसला. सर म्हणाले, "शोध आणि मला सांग." मी लाजून पुन्हा तो विषयच काढला नाही. पुढे इंजिनिअर झाले, तीही सॉफ्टवेअरची! पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

तर सर, पातं म्हणजे फिरणारा पंखच. पंख विमानाला वर उचलतो, पातं पुढे ओढतं. एका फेरीत टोकाला मोठं वर्तुळ कापावं लागतं, बुंध्याला लहान. म्हणजे टोक वेगात, बुंधा सावकाश. विमानाबरोबर पुढे जाण्याचा वेग मात्र दोघांचा सारखाच. त्यामुळे हवा दोन्हीकडे वेगळ्या दिशेने येते. ती सगळीकडे योग्य कोनात भेटावी म्हणून पातं बुंध्याशी जास्त तिरकं आणि टोकाकडे सपाट होत जातं. राइट बंधूंनाही याचं तयार गणित कुठे मिळालं नाही. जहाजांच्या प्रोपेलरवरची माहिती कामी येईना, तेव्हा दोघांनी वाद घालत स्वतःच गणित मांडलं आणि १९०३ च्या विमानासाठी साडेआठ फुटी लाकडी प्रोपेलर हाताने तासले.

सर, तीस वर्षं उशीर झालाय. वही आणली आहे, सही द्याल ना?