खालचा दाब वरून कसा कळतो?
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बडोद्यातल्या आपल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी तेल-वायूच्या नोकरीत गेलेलं आहे. 1960 साली अंकलेश्वरला तेल लागलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. त्यामुळे सेस्मिक सर्व्हे हा शब्द इथे नवा नाही. जमिनीला धक्का द्यायचा, थरांवरून परतणारी लाट जिओफोनने टिपायची आणि खालचं चित्र काढायचं, हेच आम्ही नोकरीभर केलं. आज बोलायचं आहे ते तोच सर्व्हे त्याच जागी पुन्हा करण्याबद्दल. ‘एकदा झालाय ना, मग पुन्हा खर्च कशाला?’ हे आम्ही फार वेळा ऐकलं. उत्तरादाखल नॉर्वेची एक हकिकत सांगतो.

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात स्नोव्हित नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथल्या वायूबरोबर कार्बन डायऑक्साइडही येतो. तो किनाऱ्यावर वेगळा काढून पाइपलाइनने परत नेऊन समुद्रतळाखालच्या खोल वालुकाश्मात भरायचा, असं काम 2008 साली सुरू झालं. थोड्याच दिवसांत विहिरीतला दाब वाढू लागला. आधी मिठाचा संशय आला. कोरडा वायू खडकातलं खारं पाणी सुकवतो आणि मीठ छिद्रांत अडकतं. ते धुऊन काढलं. दाब उतरला आणि पुन्हा हळूहळू चढत गेला. असाच चढत राहिला, तर खडक तडकण्याची भीती.

वायू भरण्याआधीचा, 2003 सालचा सर्व्हे हाताशी होता. 2009 मध्ये पुन्हा केला आणि दोन्ही चित्रांतला फरक काढला.

दाबाने फरक का पडतो? हवा काढून घेतलेलं कॉफीचं पाकीट आठवा. विटेसारखं घट्ट असतं. कात्री लावली, हवा आत शिरली की दाणे सैल. खडकाचंही तसंच. छिद्रांतला दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते, खडक मऊ पडतो आणि लाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागाने उशिरा परतते. एवढासा फरक दिसायचा, तर दुसरा सर्व्हे पहिल्यासारखाच व्हावा लागतो. भर समुद्रात हे किती अवघड, ते करणाऱ्यालाच ठाऊक!

पण पंचाईत अशी की पाण्याच्या जागी वायू आला, तरीही लाट मंदावते. मग दोष कोणाचा? सरळ खाली जाऊन परतलेली लाट आणि तिरपी जाऊन परतलेली लाट यांवर दोन्ही कारणांचा परिणाम वेगवेगळा होतो. त्यावरून निवाडा करता येतो. वायू विहिरीच्या आसपासच होता, दाब मात्र दूरवर पसरला होता. म्हणजे विहीर तुंबली नव्हती, थरच आतून अडलेला होता. दारं बंद असलेल्या खोलीत हवा भरावी, तसं चाललं होतं.

2011 मध्ये तो थर सोडून वायू वरच्या स्तो नावाच्या थरात भरायला सुरुवात केली. तोवर खालच्या थरात सुमारे 11 लाख टन गेला होता.